35 आणि 54 मिलिमीटरची तफावत : आपल्या एक-तारा अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपले मशीन पुन्हा हातात येऊन तपासून होईपर्यंत काही लिहायचे नाही असे ठरवल्यामुळे या उत्तरास पाच दिवस लागले.

आपली तक्रार थोडक्यात अशी आहे. आमच्या पुण्यातील केंद्रातून कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) करून नेलेल्या टोटल स्टेशनने, म्हणजे प्रकाशाने अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राने, महाबळेश्वरच्या पठारावरील आपल्या रस्त्याच्या कामावर सगळी अंतरे कमी दाखवली. दुसऱ्या मशीनशी ताडून पाहता 120 मीटरच्या रेषेत 35 मिलिमीटर आणि 640 मीटरच्या रेषेत 54 मिलिमीटर तफावत निघाली. तापमान आणि दाब भरूनही ती गेली नाही, आणि दोन दिवस आमचा फोन कोणी उचलला नाही. त्यामुळे आमचा दाखला म्हणजे ‘शिक्का मारलेला कागद’ आहे, असे आपण लिहिले आहे.

फोनबद्दल माझ्याकडे सबब नाही. साईटवर माणसे खोळंबलेली असताना उत्तर न मिळणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो.

मोजमापाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. आपण एकाऐवजी दोन लांबींवरची तफावत दिलीत, हे फार उपयोगी पडले. लांबी 520 मीटरने वाढली तेव्हा तफावत 19 मिलिमीटरने वाढली, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे 36 ते 37 मिलिमीटर. आमच्या भाषेत 36 ते 37 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत तेवढे भाग. हा वाढता भाग वजा करून रेषा शून्य लांबीपर्यंत मागे नेली, की जवळजवळ 30 मिलिमीटर उरतात, आणि हे 30 मिलिमीटर दहा मीटरवरही येतात नि हजार मीटरवरही. थोडक्यात, आपल्या तफावतीत दोन वेगळ्या चुका एकाच दिशेने मिसळल्या आहेत. त्यांतली पहिली, कायम 30 मिलिमीटरची, आमची आहे.

मोजायच्या बिंदूवर पोलवर धरलेला प्रिझम मशीनचा प्रकाश परत पाठवतो. त्याच्या काचेत प्रकाशाचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दोन-तृतीयांश होतो, त्यामुळे किरण जणू प्रिझमच्या मागच्या एखाद्या बिंदूवरून परतल्यासारखा मशीनला वाटतो. तो बिंदू आणि पोलचा अक्ष यांच्यातले अंतर म्हणजे प्रिझम कॉन्स्टंट, आणि प्रिझम होल्डरमध्ये कुठे बसवला आहे त्यावर तो ठरतो. आमच्या चाचणीच्या प्रिझमला उणे 30 मिलिमीटर लागतो, आपल्या प्रिझमला शून्य. चाचणी संपल्यावर आमच्या तंत्रज्ञाने मेन्यूतला उणे 30 तसाच ठेवून मशीन आपल्या हाती दिले, आणि तो आकडा दाखल्यावरही लिहिला नाही. दाखल्यातील निष्कर्ष चुकीचा नव्हता. पण तो कोणत्या प्रिझमसाठी आहे हेच ज्या दाखल्यात नाही, त्याला कोणी कागद म्हटले तर मी वाद घालणार नाही.

शनिवारी सकाळी आपल्याच मशीनवर, आपल्याच प्रिझमने, आम्ही एका सरळ रेषेत तीन खुंट घेऊन मोजले. अ ते ब 39.982 मीटर, ब ते क 61.215 मीटर, आणि थेट अ ते क 101.227 मीटर. पहिल्या दोन अंतरांची बेरीज होते 101.197, म्हणजे थेट मोजलेल्या अंतरापेक्षा नेमकी 30 मिलिमीटर कमी, कारण तुकड्यांत मोजताना ती चूक दोनदा येते आणि थेट मोजताना एकदाच. कॉन्स्टंट शून्य केल्यावर तीच अंतरे 40.012, 61.245 आणि 101.256 आली, एक मिलिमीटर उरला, तो मशीनच्या 2 मिलिमीटर अधिक 2 पीपीएम या मर्यादेत बसतो. या चाचणीला खरे अंतर माहीत असावे लागत नाही आणि कुठलाही दाखला लागत नाही. ती आपण आपल्या साईटवर पंधरा-वीस मिनिटांत करू शकता, आणि आमच्यासकट कोणाकडूनही मशीन परत आले की जरूर करावी.

दुसरा भाग हवेचा. टोटल स्टेशन लांबी थेट मोजत नाही. पाठवलेल्या प्रकाशलहरीची परत येतानाची कला (फेज) किती मागे पडली हे ते मोजते आणि हवेतला प्रकाशाचा वेग गृहीत धरून त्याचे मीटर करते. आपल्या मशीनची प्रमाणित हवा 15 अंश सेल्सिअस आणि 1013 हेक्टोपास्कल ही आहे, आणि तिच्यात प्रकाश निर्वातापेक्षा सुमारे 283 पीपीएम मंद असतो. सुमारे 1,300 मीटर उंचीवर, 24 अंशांना, तोच आकडा 234 च्या आसपास येतो. हवा विरळ, प्रकाश अधिक वेगवान, म्हणून दुरुस्ती न करता मोजलेले अंतर कमी भरते.

आपण तापमान आणि दाब भरले होते हे खरेच आहे. मशीनच्या पडद्यावर 24 आणि 1010 हे आकडे तसेच होते. अडचण त्या 1010 मध्ये आहे. मोबाइलवरच्या हवामान ॲपमध्ये सहसा समुद्रसपाटीला आणलेला दाब दिसतो, कारण हवामानाच्या नकाशांना तोच लागतो. पठारावरचा प्रत्यक्ष दाब 865 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. या 145 हेक्टोपास्कलच्या फरकाचे सुमारे 39 पीपीएम होतात, म्हणजे 640 मीटरवर 25 मिलिमीटर. त्यात आमचे 30 मिळवले की 55 होतात; आपल्याला 54 मिळाले. 120 मीटरवर हेच गणित 35 येते, आणि तेवढेच आपण लिहिले आहे. ही गफलत चांगले मुरलेले सर्व्हेअरही करतात, पुण्यात ती फार जाणवत नाही आणि घाट चढला की ती उघडी पडते, म्हणून मी तिचा दोष आपल्याला देत नाही. मशीन सोपवताना एक वाक्य बोलायला आमचे काही गेले नसते.

‘टेपला हवा लागत नाही’ असेही आपण लिहिले आहे. टेपला ऊन लागते. पोलादी टेप एका अंशाला सुमारे 11.5 पीपीएम वाढतो. प्रकाशाच्या मोजणीत एका अंशाचा फरक जेमतेम 1 पीपीएम पडतो.

आता झालेल्या कामाचे. प्रिझमवर घेतलेली निरीक्षणे पुन्हा घ्यावी लागणार नाहीत. रॉ फाइलमधल्या (मशीनने साठवलेल्या मूळ नोंदींतल्या) प्रत्येक तिरप्या अंतरात 30 मिलिमीटर आणि किलोमीटरमागे 39 मिलिमीटर मिळवून बिंदूंचे निर्देशांक नव्याने काढता येतील. प्रिझमविना, थेट भिंतीवर किंवा खडकावर घेतलेल्या रीडिंगांत मात्र ते 30 मिळवू नयेत. आपल्या मशीनमध्ये त्या पद्धतीला प्रिझमचा कॉन्स्टंट लागतच नाही, तिथे फक्त हवेची दुरुस्ती करायची. जमिनीवर आखून खुंट ठोकलेले बिंदू मात्र खरोखर सरकलेले आहेत आणि ते नव्याने आखावे लागतील. आकडेमोड आम्ही विनामूल्य करून देऊ, आणि फेरआखणीसाठी आमचा एक सर्व्हेअर दोन दिवस आमच्या खर्चाने साईटवर येईल. कॅलिब्रेशनचे शुल्क काल आपल्या खात्यावर परत केले आहे.

यापुढे आमच्या दाखल्यावर चाचणीचा प्रिझम, त्याचा कॉन्स्टंट, चाचणीच्या वेळचे तापमान आणि प्रत्यक्ष दाब हे छापले जाईल, आणि मशीन ज्या सेटिंगवर आले त्याच सेटिंगवर परत जाईल. ग्राहकाने आपला प्रिझम सोबत आणावा, अशी विनंती नोंदणीच्या वेळीच केली जाईल.

आपले मशीन तयार आहे. त्यासोबत एक लहान वायुदाबमापक ठेवला आहे. पठारावरचे काम संपेपर्यंत तो आपल्याकडेच असू द्यावा. नेण्यासाठी येताना रॉ फाइल आणि त्या दिवसांची फील्डबुकची पाने आणावीत, म्हणजे प्रिझमची आणि प्रिझमविना घेतलेली रीडिंगे आपल्यासमोरच वेगळी करता येतील.

आपला नम्र,
केंद्रचालक