शेपटीचा फोटो

केनियाहून मी 2,311 फोटो आणले. लोकांना दाखवायला चाळीसच निवडायचे, असं विमानात बसतानाच ठरवलं होतं. चाळिसाचे चारशे कधी झाले, कळलं नाही. त्यात झोपलेल्या सिंहाचेच साठ. सिंह दिवसातले वीस-वीस तास लोळून काढतो, हे वाचलं होतं; पण समोर असला की वाटतं, आता उठेल. म्हणून बटण दाबत राहायचं. एका फोटोत त्याने कान हलवलाय. तो कसा काढून टाकणार?

रविवारी मंडळी जमली. जुन्नरचे मामा-मामी, वरच्या मजल्यावरच्या काकू आणि मेहुणा. मोबाईल टीव्हीला जोडण्यात पाऊण तास गेला. तोवर पोहे संपले, म्हणजे मंडळींना बसून राहायला असलेलं एकमेव कारणही संपलं.

"हे अंबोसेली. मागे किलिमांजारो, 5,895 मीटर. पर्वत टांझानियात, पण दर्शन केनियातून."

"कुठंय?"

"ढगात."

पुढचा फोटोही ढगातलाच. तिसऱ्यात मी बोट दाखवलं, "तो कोपऱ्यात पांढरा ठिपका दिसतोय ना? बर्फ आहे ते." मेहुणा उठला, रुमालाने टीव्हीची काच पुसली. बर्फ गेला.

"जेवणाचे हाल झाले असतील नाही?" काकूंनी विचारलं. हा प्रश्न बायकोचा होता, आणि ती गेला तासभर त्याचीच वाट बघत होती. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, त्यामुळे भडंग, चकल्या आणि मेतकूट तिने स्टीलच्या डब्यांत भरून नेलं होतं. कुठल्या डब्यात काय, कुठलं झाकण घट्ट बसत नाही आणि नैरोबीच्या विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा मेतकूट म्हणजे काय हे तिने खाणाखुणांनी कसं सांगितलं, यात वीस मिनिटं गेली. पडद्यावर तेवढा वेळ एक जिराफ उभा होता. शेवटी टीव्ही आपणहून काळा झाला.

मग मी मारा नदी काढली. काठावर हजारो विल्डबीस्ट, म्हणजे गुरांसारखी दिसणारी आफ्रिकेतली रानटी हरणं.

"दूध कोण काढतं एवढ्यांचं?" मामींनी विचारलं.

आम्ही गाडीच्या छपरातून डोकं बाहेर काढून तीन तास उन्हात उभे होतो. कळप काठाशी यायचा, पुढचा एक पाण्यात वाकून बघायचा, मागचे ढकलायचे, आणि अचानक सगळे माघारी. पाचदा हेच. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास गेली नऊ वर्षं असाच चाललाय, म्हणून मला त्यांचं फार काही वाटलं नाही. सहाव्यांदा ते खरंच उतरले, तेव्हा मी बॅटरी बदलत होतो.

हुकमाचा एक्का मी शेवटी ठेवला होता. ड्रायव्हरच्या वायरलेसवर कुणीतरी "चुई" म्हणालं. चुई म्हणजे स्वाहिलीत बिबट्या. धुरळा उडवत चौदा गाड्या एकाच झाडाखाली जमल्या. पानांच्या गर्दीतून खाली लोंबणारी ठिपक्यांची शेपटी! मी फोटो मोठा केला. शेपटी अख्ख्या टीव्हीभर झाली.

मामा बराच वेळ बघत राहिले. मला भरून आलं.

"माणशी किती पडलं रं?"

मी आकडा सांगितला.

"शेपटीचं?" मामांनी टोपी सारखी केली. "आरं, मग आमच्या उसात यायचं की. तोडणी लागली का बछडी घावतात. आन् फुकाट."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला. गोठ्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण, तेही रात्रीचं, करड्या रंगातलं. कोपऱ्यात शेणाची पाटी, बाजूला उलटी ठेवलेली बादली. कुंपणावरून काहीतरी सावकाश उतरलं, बादली हुंगली, आणि मग वळून थेट आमच्याकडे बघितलं. दोन डोळे विजेरीसारखे. वासराने जीव खाऊन दावं ताणलं.

काकू "अगं बाई" म्हणत सोफ्याच्या काठावर आल्या. मेहुणा मामांच्या खांद्यावरून वाकला. बायको चहाचा ट्रे हातात तसाच धरून उभी राहिली. माझा टीव्ही मागे शेपटी दाखवत होता.

"मामा," मी चष्मा पुसत म्हणालो, "जरा परत लावा ना."