समुद्र तापला की शेवाळ फोफावतं?

बडोद्याच्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समुद्र तापणं चांगलंच आहे, कारण ऊब आणि कार्बन डायऑक्साइड हे शेवाळाचं खाद्य. उन्हाळ्यात आपला सुरसागर तलाव कसा हिरवागार होतो बघा, तसाच समुद्र हिरवा होईल आणि मासळी वाढेल. खत कमी पडलं तरी शेवाळ जुळवून घेतं. आणि नाहीच जमलं तर पाण्यात लोह टाकायचं. दांडिया बाजारातल्या ज्या काकांनी मला तो पाठवला त्यांचा हेतू चांगलाच आहे, म्हणून नीट उत्तर लिहितेय.

काका, सुरसागर हा भर वस्तीतला उथळ तलाव. पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यांवरची घाण, वर्षानुवर्षांचं निर्माल्य, सगळ्यातून त्यात नायट्रोजन-फॉस्फरस येत राहिला, आणि तळही जवळच. भर समुद्रात तसं नसतं. तिथे मेलेले जीव आणि विष्ठा खाली बुडतात, त्यांच्यासोबत हे खतही अंधारात जातं. वाऱ्यानं पाणी घुसळलं गेलं, तरच ते पुन्हा उजेडात येतं. वरचं पाणी तापलं की हलकं होतं, खालच्या थंड, जड पाण्यावर थर धरून बसतं आणि ही घुसळण मंदावते. म्हणजे ज्या उबेला आपण खाऊ समजतोय, तीच कोठाराला कुलूप लावते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागरातलं सूक्ष्म शैवाल सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटलं. कारण हेच.

कार्बन डायऑक्साइडचं थोडक्यात सांगते. कणीक डबाभर असली तरी पाण्यावाचून पोळी होत नाही. समुद्रात कार्बन मुबलक आहे. अडतं ते नायट्रोजन, फॉस्फरस आणि लोहापाशी.

‘जुळवून घेतं’ हे मात्र खरं आहे, आणि मला ते थक्क करतं. पेशीच्या पडद्यातल्या मेदाला एरवी फॉस्फरस लागतो. अटलांटिकमधल्या सरगासो समुद्रात फॉस्फरस फारच कमी, तेव्हा तिथलं शैवाल त्याऐवजी गंधक असलेला मेद वापरतं. गंधक समुद्रात हवा तेवढा आहे! वाचलेला फॉस्फरस डीएनएसाठी राहतो. लोह कमी पडलं तर डायटम (काचेचं कवच असलेलं सूक्ष्म शैवाल) लोहाचं एक प्रथिन बाजूला ठेवून बिनलोहाच्या दुसऱ्यावर काम भागवतात. आपल्या अरबी समुद्रातलं ट्रायकोडेस्मियम हे निळं-हिरवं शैवाल पाण्यात विरघळलेल्या हवेतूनच नायट्रोजन घेतं, पण त्यासाठी त्याला जास्तीचं लोह लागतं.

पण दुष्काळात तगून राहणं म्हणजे पीक येणं नव्हे. अशा उपाशी पाण्यात टिकतात ते मुख्यतः अगदी बारीक जीव. प्रोक्लोरोकॉकस या अतिसूक्ष्म जीवाणूची पेशी साधारण ०.६ मायक्रोमीटरची, आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग मोठा, त्यामुळे विरळ खतही तिला पुरतं. डायटम मोठे, त्यांना भरपूर लागतं, आणि तारलीसारखी मासळी पोसली जाते ती डायटमवर. प्रोक्लोरोकॉकस खायला आधी त्याहून थोडा मोठा जीव, मग त्याला खाणारा आणखी एक. प्रत्येक पायरीवर बरंचसं अन्न खर्ची पडतं, माशाच्या वाट्याला उरतं थोडं. हिरवा दिसणारा समुद्रही फसवतो: हिवाळ्यात अरबी समुद्रात आता नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाची हिरवी साय पसरते, तिच्यावर माशांपेक्षा जेलीफिशच जास्त पोसले जातात.

राहिलं लोह. २००९ साली भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी ‘लोहाफेक्स’ मोहिमेत दक्षिण महासागरात ते टाकून पाहिलं. शैवाल वाढलंही. पण त्या पाण्यात सिलिका (ज्यापासून काच बनते ते द्रव्य) कमी, त्यामुळे काचेचं कवच लागणारे डायटम वाढेनात. वाढलं ते बारीक, मऊ शैवाल. ते प्राणिप्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांनी, खाऊन टाकलं आणि खोल तळाकडे फारच थोडा कार्बन गेला. लोहाची उणीव भरली, तर सिलिकाची पुढे आली.