विमानतळाच्या दारात बस हवी, आणि ती दिसायला हवी

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून आता वर्षाला १ कोटीहून जास्त लोक ये-जा करतात. दिवसाची सरासरी काढली तर २७ हजारांच्या वर. आणि तरीही कुणाला म्हटलं की मी विमानतळावर बसने जाते, तर पहिला प्रश्न येतो, "तिथे बस जाते?"

जाते. पीएमपीची, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेची, बस तिथे जाते, मी जमेल तेव्हा तिनेच जाते, आणि तुम्हीही जावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

विमानाचं तिकीट काढलं की घरापासून गाडीच हवी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. माणूस एक, बॅग एक आणि त्याला सोडायला अख्खी कार. परत येताना ती कार रिकामी. असा प्रत्येक जण नगर रस्त्याला लागतो, मग ५०९ चौकात किंवा विमाननगरला अडकतो आणि "पुण्याचं ट्रॅफिक" म्हणून चिडतो. त्या गर्दीतल्या बसमध्ये ३०-४० माणसं असतात आणि ती बसही त्याच कारच्या मागे उभी असते. याच नगर रस्त्यावर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका होती, ती आपण काढून टाकली. मला याचं आजही वाईट वाटतं.

बंगळूरला माझी मावसबहीण राहते. तिथला विमानतळ २००८ साली देवनहळ्ळीला गेला, शहरापासून ३५ किलोमीटरच्या आसपास. तिथपर्यंतची मेट्रो अजून बांधतायत. मग लोक इतकी वर्षं जातात कसे? वायू वज्रने. बीएमटीसी या तिथल्या शहर बससेवेच्या वातानुकूलित बस. मॅजेस्टिकची वेगळी, इलेक्ट्रॉनिक सिटीची वेगळी, प्रत्येकीला नंबर, आत बॅगा ठेवायला जागा, आणि रात्रीही फेऱ्या. टर्मिनलमधून बाहेर पडलं की बस समोर उभ्या दिसतात. कुणाला शोधत फिरावं लागत नाही. त्या बसमध्ये कंपनीतले साहेब असतात, पहिल्यांदा विमानात बसलेले आजी-आजोबा असतात, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले विमानतळावरचे कामगारही असतात. बसने आलो म्हणून कुणाला कमीपणा वाटत नाही. हैदराबादलाही पुष्पक नावाच्या बस आहेतच. म्हणजे आपल्याकडचे लोक बसने जाणार नाहीत, हे म्हणणं मला पटत नाही. बस भरवशाची असली की लोक जातात.

आता पुण्याचं बघा. ६ मार्च २०२४ ला मेट्रो रामवाडीपर्यंत आली. तिथून विमानतळ जेमतेम ४-५ किलोमीटर. त्याच वर्षी जुलैमध्ये नवीन टर्मिनल सुरू झालं, प्रशस्त आणि देखणं. एरोमॉल नावाचं बहुमजली पार्किंग आहे, ओला-उबरची सोय तिथेच आहे. या सगळ्यात बसचं स्थान काय? माझं म्हणणं असं की आगमनाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी बसथांबा दिसला पाहिजे. त्यावर मराठीत, ठळक अक्षरात, पुढची बस कुठली आणि किती वाजता ते लिहिलेलं हवं. पीएमपीचं ॲप आहे, त्यावर बस कुठवर आली ते बघता येतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण नांदेडहून मुलीकडे आलेल्या काकूंनी विमानतळावर उभं राहून ॲप उतरवून घ्यावं अशी अपेक्षा कशी करायची?

आणि हे काका-काकूच मला जास्त महत्त्वाचे वाटतात. पुण्याचा विमानतळ एकट्या पुण्याचा नाही. सातारा, सांगली, सोलापूर, बारामतीची माणसं एसटीने येतात आणि इथून विमान पकडतात. परदेशी शिकायला निघालेली पोरं येतात, सोबत दोन मोठ्या बॅगा आणि डोळे पुसणारे आई-वडील. ती उतरतात स्वारगेटला, नाहीतर वाकडेवाडीला, कारण शिवाजीनगरचा स्टँड २०१९ च्या डिसेंबरपासून तिकडे हलवलाय. या दोन स्टँडांवरून विमानतळाची बस ठरलेल्या वेळेला, दिवसरात्र सुटली पाहिजे. एसटीतून उतरायचं आणि समोरच्या बसमध्ये चढायचं. गावाहून आलेल्या माणसाला स्टँडबाहेर भाड्याची घासाघीस करावी लागू नये, एवढीच इच्छा आहे.

रात्रीचा मुद्दा तर सगळ्यात मोठा. पुण्यात कितीतरी विमानं मध्यरात्री आणि पहाटे येतात-जातात. तेव्हा मेट्रो बंद असते. मुंबईतही हेच. मेट्रो ३ मुळे विमानतळाच्या टी१ आणि टी२ या टर्मिनलना जाणं दिवसा फार सोपं झालंय, पण परदेशाची बरीच विमानं रात्रीची, आणि रात्री मेट्रो नाही. ही पोकळी भरून काढायला बसशिवाय दुसरं काही नाही. दोन-तीन मार्गांवर तासाला एक बस धावली तरी पुष्कळ.

प्रवाशांचं जाऊ दे, रोज तिथे कामाला जाणाऱ्यांचं काय? सामान चढवणारे, फरशी पुसणारे, खाण्याच्या स्टॉलवर उभे राहणारे, सुरक्षेचे. पहाटेच्या पाळीला यायचं तर धानोरी, टिंगरेनगर, येरवड्यातून दुचाकीवर, नाहीतर शेअर रिक्षाने. आपण वर्षातून दोन-चारदा जातो, ते रोज जातात. बस सुरू करताना वेळापत्रक आधी त्यांच्या पाळ्या बघून लावावं, असं मला वाटतं.

यावर उत्तर ठरलेलं असतं, बस तोट्यात जाते. जून २०२५ मध्ये पीएमपीचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, तरी तोटा आहेच. पण रस्ता रुंद करायला, उड्डाणपूल बांधायला पैसा लागतो तेव्हा कुणी तोट्याचा हिशेब विचारत नाही. त्याला विकास म्हणतात. आणि त्याच रस्त्यावरून ४० माणसं नेणारी बस मात्र स्वतःचा खर्च स्वतः काढणारी हवी! हा न्याय मला मान्य नाही.

पुण्यासाठी पुरंदरला नवा विमानतळ करायची चर्चा चालू आहे. तो होईल तेव्हा अंतर कितीतरी वाढेल. तिथली बस आराखड्यात पहिल्या दिवसापासून असायला हवी, नंतर आठवण झाली म्हणून नव्हे.

लोहगावसाठी मात्र आत्ताच काहीतरी करू. तुम्ही कुठल्या भागातून विमानतळावर जाता आणि किती वाजताची बस असती तर गाडी काढली नसती, एवढं खाली लिहा. विमानतळावर काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या पाळीची वेळही विचारून लिहा. मी सगळं नीट उतरवून स्वारगेटला पीएमपीच्या मुख्यालयात अर्जासोबत देणार आहे आणि पोच घेऊन इथे टाकणार आहे.