घोड्याला उलटी होतच नाही

काल रात्री भांडुपहून मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, असंच करू ना?" तो वरातींना घोड्या देतो. सारंगखेड्याच्या यात्रेत नवी घोडी घेतलीय, परवा ती टेम्पोने निघणार. मेसेज असा: घोड्याचं खाणं १२ तास आधी बंद करा, नाहीतर गाडीत उलटी होईल. वाटेत पाणी पाजू नका. डोकं वर ओढून बांधा, तोल राहतो. निघताना गोडंतेल पाजा, पोट दुखत नाही. आठवडाभरात हा मेसेज माझ्याकडे तिसऱ्यांदा आलाय.

अरे, घोड्याला उलटी होतच नाही! अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येत नाही. लिहिणाऱ्याने माणसाला गाडी लागते ती घोड्याला चिकटवलीय. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. मोकळा सोडला तर घोडा दिवसाचे बहुतेक तास थोडं थोडं चरत असतो. जठरात आम्ल सतत पाझरतं, पण ते शमवणारी लाळ चावतानाच सुटते. सारंगखेडा ते भांडुप ४०० किलोमीटरच्या आसपास, थांबे धरून १० तास तरी लागणार. आधीचे १२ धरले तर जनावर २२ तास उपाशी. त्यात पाणीही नाही, म्हणजे आतड्यातला चारा सुकून अडकायचा धोका. पोटशुळाने घोडा दगावतो, आणि हा मेसेज नेमका त्याचीच तयारी करून देतो.

चंदीपुरतं, म्हणजे दाण्याच्या खुराकापुरतं, त्यात थोडं तथ्य आहे, हे कबूल करतो. निघताना हरभरा, जव भरपेट घालू नये. पण म्हणून गवत का तोडायचं? गवत निघेपर्यंत द्यायचं आणि गाडीतही. पाण्याने ओलं करून, म्हणजे बंद जागेत धूळ नाकात जात नाही. गवताची जाळी अशी बांधायची की रिकामी होऊन लोंबली तरी खूर अडकणार नाही.

डोकं वर बांधण्याचा सल्ला मात्र जिवावर बेतेल. ऑस्ट्रेलियात १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी घोड्यांना नुसतं डोकं वर ठेवून बांधलं होतं. गाडी नाही, प्रवास नाही. तरी त्यांच्या श्वासनलिकेत स्राव आणि जंतू साचत गेले. डोकं खाली गेलं की ते वाहून बाहेर पडतात. ते अडलं की लांबच्या प्रवासानंतर ताप, फुप्फुसाला सूज. म्हणून दोर थोडा ढिला ठेवायचा आणि प्रत्येक थांब्यावर म्होरकीचा दोर सोडून घोडीला खाली ठेवलेलं गवत खाऊ द्यायचं.

तेल अजिबात नको. नरड्यात ओतलेलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं.

पाणी दर ३-४ तासांनी, गाडी थांबवून. परक्या पाण्याला घोडी तोंड लावेलच असं नाही, म्हणून निघताना सारंगखेड्याच्याच पाण्याचे कॅन भरून घे. धुळ्याला एकदा, नाशकात एकदा, आणि कसारा घाट उतरण्याआधी इगतपुरीला एकदा थांब. भांडुपला पोचलास की आधी पाणी, मग गवत. चंदी दुसऱ्या दिवशी, तीही थोडी. लीद टाकली नाही, किंवा वळून वळून कुशीकडे बघायला लागली, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला बोलाव.