दहा टक्के पाऊस बघूनच

सकाळी सकाळी डिचोलीहून मावशीचा फोन. चवथ तोंडावर आली आणि गणपती बसतो त्याच खोलीत स्लॅब ठिबकतोय. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट, तिच्या हुकाखाली बालदी ठेवलीय म्हणे. टेरेसचं वॉटरप्रूफिंग मे महिन्यातच झालं, पैसे पूर्ण चुकते. मेस्ताला, म्हणजे काम घेतलेल्या गवंड्याला, फोन केला तर म्हणतो, "अवंदूं पावसूच चड, बाय." यंदा पाऊसच जास्त म्हणे. अरे बाबा, गोव्यात पाऊस पडतो हे तुला आत्ता कळलं?

नारळ पाडून झाले की पाडेल्यासमोर आपण एकेक नारळ मोजून घेतो. आणि लाखाच्या कामाला? "ओळखीचा आहे, लिहून कसं मागायचं!" मावशीकडे आहे ती एक चिठ्ठी. "वॉटरप्रूफिंग टोटल" आणि खाली आकडा, बस्स. केमिकल कुठलं, कोट किती, चौरस फूट किती, भिंत-स्लॅबच्या सांध्याचे कोपरे गोल करणार का, गळलं तर कोण बघणार, काही म्हणजे काही नाही. काम झालं की पाइपांची तोंडं बंद करून टेरेसवर निदान 24 तास, जमलं तर 48 तास पाणी साठवायचं आणि खालून छत बघायचं. हे मेस्ताला माहीत नव्हतं? पण "कामगार गावाला निघालेत, आजच द्या" म्हणाला आणि मावशीने पेन्शनच्या खात्यातून काढून हातावर ठेवले. रोख. बिल घेतलं तर जीएसटी लागेल, हा सल्लाही त्याचाच!

सगळे मेस्त असे नसतात, मान्य. काम झाल्यावर पैशांसाठी खेपा घालायला लावणारे घरमालकही आहेत. म्हणून तर कागद हवा, मेस्तासाठीसुद्धा.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण तिथे दाखवणार काय, ती चिठ्ठी?

मावशी म्हणते, "जाऊ दे रे, त्यालाही पोरंबाळं आहेत." रोज दुपारी त्या कामगारांना सोलकढी करून घालायची ती. तिच्याशी काय वाद घालणार!

शनिवारी ताडपत्री घेऊन जातोय. खरं काम पाऊस सरल्यावर. साखळी-डिचोलीकडचा चांगला मेस्त कोणाला माहीत असेल तर इनबॉक्स करा. कोटेशन तपशीलवार लिहून हवं, पैसे टप्प्याटप्प्याने बँकेतून, आणि शेवटचे दहा टक्के पुढच्या जूनचा पाऊस बघून. एवढं ऐकून पळणारा असेल तर नंबर पाठवूच नका.