खुलासा : ‘वाइल्ड रोझ’ ही सत्यकथा नाही

‘वाइल्ड रोझ’ हे स्कॉटलंडमधल्या एका खऱ्या गायिकेच्या आयुष्यावर बेतलेलं संगीत नाटक आहे, असं सांगणारा मजकूर सध्या फिरतोय. ते खरं नाही. तुरुंगातून नुकतीच सुटलेली, पायाला पाळत ठेवणारा इलेक्ट्रॉनिक पट्टा असलेली, दोन लेकरांची एकटी आई रोझ-लिन हार्लन हे निकोल टेलर या लेखिकेनं निर्माण केलेलं पात्र आहे. आधी टेलरच्या पटकथेवर २०१८ साली चित्रपट झाला; जेसी बकलीनं त्यात काम केलं आणि गाणीही स्वतःच गायली. रंगमंचावर ही गोष्ट २०२५ मध्ये आली, एडिनबरोच्या रॉयल लायसियम थिएटरात. दिग्दर्शक जॉन टिफनी, प्रमुख भूमिकेत डॉन सीव्हराइट.

गल्लत का होते, तेही समजतं. ग्लासगोतला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांचा, क्लब खरोखरच आहे, गोवन रोडवर, १९७४ पासून. या संगीताचं माहेरघर असलेल्या अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या मूळ ‘ऑप्री’ या कार्यक्रमावरून त्याचं नाव घेतलंय. त्यामुळे रोझ-लिनसारख्या ग्लासगोच्या कामगारवस्तीतल्या मुलीनं गायिका व्हायला नॅशव्हिलची स्वप्नं पाहणं तिथे अजिबात ओढूनताणून वाटत नाही.

पण म्हणून कुणा हयात गायिकेच्या माथी रोझ-लिनचा तुरुंगवास आणि मुलांकडे झालेलं दुर्लक्ष मारणं हा तिच्यावर सरळ अन्याय आहे. शिवाय इतकी जिवंत बाई कागदावर उभी करणाऱ्या टेलरचं श्रेयही त्यात बुडतं. तो मजकूर तुमच्याकडे आला असेल तर पुढे पाठवू नका.