मानी पितळ

टेक्सासात स्थायिक झालेल्या माणसाला दोनच नाद लागतात, बार्बेक्यू नाहीतर बंदूक. मी शाकाहारी.

नेमबाजीच्या रेंजवर एक म्हातारबुवा म्हणाले, "उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच भरल्या तर स्वस्त पडतं." झालं, माझ्यातला सांगलीकर जागा झाला. प्रेस, डाय (म्हणजे पुंगळी आवळायचा साचा) आणि मायक्रोमीटरवर जे डॉलर गेले, त्यात तयार काडतुसं निवृत्तीपर्यंत पुरली असती. हा हिशेब बायको आल्यागेल्याला ऐकवते.

माझी रायफल .३०८ विंचेस्टर नावाच्या काडतुसाची. बार उडाला की पुंगळीची मान, म्हणजे गोळी बसते ते तोंड, फुगते आणि गोळी धरून ठेवेल एवढी ती पुन्हा आवळावी लागते. किती? साधारण दोन हजारांश इंच, म्हणजे ५० मायक्रॉन. बरं, पुंगळी पितळेची, आणि पितळ मोठं मानी. डायमध्ये निमूट आवळून घेतं आणि बाहेर येताच थोडं परत फुगतं. जितक्या वेळा वापरावं तितकं ताठर होत जातं, अगदी लग्नातल्या मामेमंडळींसारखं.

मान आवळायला डायमध्ये बुशिंग नावाची पोलादी कडी बसवतात. माझ्याकडे .३३४, .३३५ आणि .३३६ इंची अशा तीन. तिसरीने आवळलेल्या मानेतून गोळी आडात पोहरा सुटावा तशी थेट तळाला. पहिलीने आवळली तर गोळी आत जाताना अंग खरवडून घेई. मधली बरी म्हणावी, तर एकाच पिशवीतल्या दोन पुंगळ्यांच्या माना सारख्या जाड नसतात.

तेव्हा आई इथे आली होती. गॅरेजच्या पायरीवर बसून तिने हे सगळं पाहिलं. "कासार हात दाबून बांगडी भरतो, तेच की रे हे." पितळ आणि बांगड्या दोन्ही कासाराकडचीच, तेव्हा मला बोलायला जागा उरली नाही.

मी नुसत्या मानाच आवळत होतो. अंगाला धक्का लावला नाही की पितळ जास्त टिकतं, असं कुठेतरी वाचलेलं. पाचव्या खेपेला रायफलचा बोल्टच, म्हणजे काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा खिटका, बंद होईना. पुंगळ्या अंगानेही फुगल्या होत्या. म्हणून सबंध पुंगळी आवळणारा डाय आणला. यात घालण्याआधी पुंगळीला मेण चोळायचं असतं. अडतीस पुंगळ्यांना चोळलं. एकोणचाळिसावीच्या वेळी बायकोने चहाला हाक मारली.

दांडा खाली गेला तो वर येईना. जोर लावला तर पुंगळीच्या बुडाची कड तुटून हातात आली आणि बाकीची डायमध्ये तशीच रुतून बसली. पुंगळीला इथे 'केस' म्हणतात. केसाने गळा कापणं काय असतं, ते त्या दिवशी कळलं.

"साबण लाव," आई म्हणाली.

"आई, बांगडी नाहीये ती."

"मग फोड."

शेवटी बुडाला ड्रिलने भोक पाडलं, आटे पाडले, बोल्ट पिळला आणि पान्याने ओढत बसलो. चहा निवला, जेवणं झाली. साडेनऊला टण्ण करून ती बाहेर आली. मी कचऱ्याच्या डब्याकडे निघालो, तर आईने हातातून काढून घेतली. "पितळ आहे, टाकतोस काय?"

सकाळी देवघरात पाहिलं. तांदळाच्या वाटीत पुंगळी खोचून उभी होती आणि तिच्यात उदबत्ती.

"छान झालंय उदबत्तीचं घर," आई म्हणाली. "काडी तेवढी हलतेय. मान जरा आवळून दे."